अपेक्षा नव्हती आणि कॉन्सर्ट भारीच निघाली, असे अनुभव

मागची_रांग

लाइव्ह कार्यक्रमाला जाताना आपण डोक्यात काहीतरी ठरवून जातो ना, की हा गायक चांगलाच गाणार, किंवा हे काही आपलं काम नाही, तासभर बसू आणि सटकू. यातलं दुसरं ठरवून गेलात आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्चीतून उठवेना असं कुणाचं झालंय का? तसे अनुभव लिहा. स्वतः पाहिलेले लिहा, गाजलेली रेकॉर्डिंग असतील तीही चालतील, फक्त 'अप्रतिम', 'निव्वळ लाजवाब' एवढ्यावर सोडू नका. नक्की काय घडलं आणि ते का जमून आलं ते सांगा, मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. वेस्टर्न क्लासिकलच्या वाटेला मी कधी गेले नव्हते, एका मैत्रिणीने स्ट्रिंग क्वार्टेटला ओढून नेलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, बस. माइक नाही, स्पीकर नाही, छोटासा हॉल. रशियन संगीतकार शोस्टाकोविचचं आठवं क्वार्टेट होतं, १९६० सालचं. पाच भाग आहेत पण मध्ये कुठे थांबतच नाहीत, एकातून दुसरा सुरू होतो, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हे टेन्शनच नाही. सुरुवातीला चेलो एकटा चार सूर वाजवतो आणि बाकीचे तेच सूर एकेक करून उचलत जातात. दुसऱ्या भागात ते चौघं असे काही तुटून पडले की एकाच्या गजाचे केस तुटून लोंबायला लागले आणि तो तसाच वाजवत राहिला. आणि चौथ्या भागात तीन ठोके येतात, रात्री दारावर कुणी थाप मारावी तसे, पुन्हा पुन्हा. मला त्या संगीतातलं काहीही कळत नव्हतं आणि तरी माझे हात गार पडले होते.

का जमलं याचं माझं उत्तर असं आहे की वाजवणाऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक नव्या वाक्याआधी पहिला व्हायोलिनवाला जोरात नाकाने श्वास घ्यायचा आणि चौघं एकदम सुटायचे. कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये मी हे आधी ऐकलं नव्हतं. बोला आता.

ऐकणारी

मस्त विषय! सवडीने लिहिते, जागा धरून ठेवते.

षड्ज_पंचम

जिव्हाळ्याचा विषय काढलात. या विषयावर बोलायचं आणि जॅझ पियानिस्ट कीथ जॅरेटची कोलोनची कॉन्सर्ट घ्यायची नाही हे शक्य नाही, तेव्हा मीच घेतो.

२४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं ऑपेरा हाउस. कार्यक्रम ठरवणारी मुलगी विशीच्या आतली, व्हेरा ब्रांडेस. ऑपेराचा नेहमीचा खेळ संपल्यावर हॉल मिळणार म्हणून सुरुवातच रात्री साडेअकराला. जॅरेटने मागितला होता बोझेनडॉर्फर इम्पीरियल, म्हणजे भलामोठा कॉन्सर्ट ग्रँड, आणि स्टेजवर आणून ठेवला होता तालमीचा एक छोटा पियानो. वरच्या पट्ट्या टिणटिणीत, खालच्या सुरांना दम नाही, पेडल धड चालत नाही. शिवाय जॅरेट लांबचा प्रवास करून आलेला, पाठ दुखत होती. तो नाही म्हणून निघालाच होता, त्या मुलीने गळ घातली म्हणून थांबला. तंत्रज्ञांनी पियानो जमेल तेवढा लावून दिला. जवळपास १४०० लोक बसलेले.

आणि मग जे वाजलं ते सोलो पियानोच्या आजवर सगळ्यात जास्त खपलेल्या रेकॉर्डपैकी एक आहे. पूर्ण इम्प्रोव्हायझेशन, आधी लिहिलेलं काही नाही. सुरुवातीचे सूर तर त्या ऑपेरा हाउसच्या घंटेचे आहेत, लोकांना आत बसायला बोलावणारी जी घंटा असते ना, तिचे. म्हणजे श्रोत्यांनी नुकतीच बाहेर ऐकलेली गोष्ट त्याने उचलली आणि तिथून निघाला.

आता का जमलं. तो छोटा पियानो वर वाजत नव्हता म्हणून जॅरेट मधल्या सप्तकातच जास्त राहिला, आणि खाली गुंजन मिळत नव्हतं म्हणून डाव्या हाताने तेच तेच बोल घोळवत ठेवले, म्हणजे आवाज भरलेला राहील. ते डाव्या हाताचं घोळवणं हीच त्या रात्रीची जान आहे! चांगला पियानो मिळाला असता तर त्याने हे असं वाजवलं असतं असं मला बिलकुल वाटत नाही. वाद्याची खोड त्याने ओळखली आणि तिच्या कलाने गेला.

ड्रमर

धागा छान आहे पण मला एक शंका आहे, राग मानू नका. 'अपेक्षेपेक्षा भारी' यातला अर्धा भाग अपेक्षेचा असतो. अपेक्षा शून्य ठेवून गेलात तर ठीकठाक कार्यक्रम पण ग्रेट वाटणारच. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून जॅझ क्लबपर्यंत सगळीकडे वाजवलंय आणि आमच्या बाजूने सांगतो, ज्या रात्री लोक येऊन म्हणतात की आज काय वाजवलंत, त्या रात्री आम्ही नेहमीसारखंच वाजवलेलं असतं. फरक ऐकणाऱ्याच्या मूडमध्ये असतो. कोलोनची गोष्ट खरी आहे पण ती इतक्या वेळा सांगितली गेलीय की आता आपण तो अल्बम गोष्टीसकटच ऐकतो.

षड्ज_पंचम

@ड्रमर, गोष्ट बाजूला ठेवून ऐका ना मग. ज्याला पियानोची भानगड माहीत नाही अशा माणसाला पहिली दहा मिनिटं ऐकवा. मी ऐकवली आहेत, लोक गप्प होतात.

रेकॉर्डवेडा

ड्रमरसाहेबांच्या शंकेला माझ्याकडे पुरावा आहे, कारण एक रात्र अशी आहे जिथे श्रोत्यांचा मूड टेपवर सापडतो आणि तो वाजवणाऱ्यांमुळे बदलताना ऐकू येतो. जॅझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, ७ जुलै १९५६.

तेव्हाची परिस्थिती बघा. मोठे बँड बंद पडत चालले होते, एलिंग्टनचा जमाना गेला असं लोक उघड बोलायचे. त्या रात्री त्याच्या बँडने सुरुवातीला थोडं वाजवलं, काही वादक तर आलेलेच नव्हते, मग बाकीच्यांचे कार्यक्रम होईपर्यंत त्यांना ताटकळत बसावं लागलं आणि पुन्हा स्टेजवर आले तेव्हा मध्यरात्र होत आली होती, लोक घरी निघायला लागले होते. आणि मग त्याने १९३७ सालची दोन जुनी कंपोझिशन्स जोडून वाजवायला घेतली. दोन्हींच्या मध्ये टेनर सॅक्सवर पॉल गोन्साल्व्हिस. त्याने ब्लूजचे २७ फेरे वाजवले. एक फेरा बारा मात्रांचा नाही बरं का, बारा बारचा (एक बार म्हणजे इथे चार मात्रा), म्हणजे सगळे मिळून ३२४ बार सलग, दम न सोडता, खाली फक्त बास, ड्रम आणि मध्येच पियानो. काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली, तिच्यामागे बाकीचे उठले, खुर्च्यांवर चढले. स्टेजच्या कडेला जो जोन्स बसला होता, तो स्वतः मोठा ड्रमर, तो हातातल्या गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ताल ठोकत बँडला चेव आणत होता. फेस्टिव्हलवाल्यांना दंगल होईल अशी भीती वाटायला लागली, कार्यक्रम थांबवा म्हणाले, एलिंग्टन थांबला नाही. पुढच्याच महिन्यात टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र होतं.

मूड आधी होता म्हणून वाजलं असं इथे म्हणताच येत नाही, लोक तर निघाले होते.

ड्रमर

हे मान्य. त्या रात्री सॅम वुडयार्डने ड्रमवर जे धरून ठेवलंय ते मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. काही दाखवायला जात नाही, फिल्स, म्हणजे मध्ये भरायचे सजावटीचे तुकडे, जवळपास नाहीतच, फक्त तोच ठेका, लय जागची हलत नाही. गोन्साल्व्हिसला २७ फेरे मिळाले ते याच्या जिवावर.

मागची_रांग

काय लिहिताय लोकहो. @रेकॉर्डवेडा, हे ऐकायला मिळतं का आज?

रेकॉर्डवेडा

मिळतं, पण कुठलं ऐकायचं ते नीट बघा. १९५६ ला जो अल्बम आला त्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि वर टाळ्या चिकटवल्या होत्या. गोन्साल्व्हिसचा सोलो मात्र त्याच रात्रीचा आहे, पण तो चुकीच्या माइकसमोर उभा राहून वाजवत होता त्यामुळे लांबून येतो. तो ज्या माइकसमोर उभा होता तो व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा. त्यांची टेप पुढे सापडली आणि दोन्ही टेप जुळवून १९९९ ला नवा दोन डिस्कचा संच निघाला, त्यात सॅक्स पुढे आला आणि स्टिरिओ पण झालं. तोच घ्या.

अवांतर: टाळ्या चिकटवण्यावरून आठवलं. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची फॉल्सम तुरुंगातली कॉन्सर्ट, १३ जानेवारी १९६८. पहिल्याच गाण्यात खुनाची ओळ येते आणि कैदी जोरात ओरडतात ना, ती आरोळी नंतर घातलेली आहे. पहारेकऱ्यांसमोर कैदी अशा ओळीला ओरडायला धजावत नव्हते. तरीसुद्धा तो अल्बम मला फार जवळचा आहे, कारण कॅशच्या आवाजातली घाई आणि मध्येच येणारी तुरुंगाची अनाउन्समेंट कुणी स्टुडिओत बनवलेली नाही.

निषाद

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट निसटतेय असं वाटतं म्हणून लिहितोय. आपण 'ऐनवेळी घडलं' यावर फार भर देतोय. मला उलटं दिसतं. ऐनवेळी तेच घडतं जे आधीपासून हातात बसलेलं असतं.

क्वीन या रॉक बँडचा लाइव्ह एड या मदतनिधी कॉन्सर्टमधला कार्यक्रम घ्या, १३ जुलै १९८५, वेम्बली स्टेडियम. प्रत्येक बँडला वीस मिनिटांच्या आसपास वेळ, दिवसाउजेडी, स्वतःचे लाइट नाहीत, समोर सत्तर हजारांवर लोक आणि ते सगळे क्वीनचे फॅन नाहीत. बँडची हवा पण तेव्हा थोडी उतरलेलीच होती. बाकीच्या बऱ्याच जणांनी येऊन नेहमीसारखी तीन-चार गाणी वाजवली. क्वीनने त्याआधी एक थिएटर घेऊन कसून तालीम केली, कुठलं गाणं किती कापायचं, कशाला कशाची जोड द्यायची हे पक्कं ठरवलं, आणि २१ मिनिटांत सहा गाणी बसवली. फ्रेडी मर्क्युरी मध्येच नुसत्या आलापीने लोकांना खेळवतो तो भाग उत्स्फूर्त दिसतो, पण तो माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक कॉन्सर्टला ते करत आलेला होता.

दुसरं उदाहरण कंडक्टर लेनर्ड बर्नस्टीन. १४ नोव्हेंबर १९४३, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. त्या दिवशीचा कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी, मुख्य कंडक्टर शहराबाहेर बर्फात अडकलेला, म्हणून २५ वर्षांच्या या असिस्टंटला उभं केलं, ऑर्केस्ट्राबरोबर एकही तालीम नाही आणि वर रेडिओवरून देशभर प्रक्षेपण. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. नशीब म्हणा हवं तर, पण असिस्टंटचं कामच हे असतं की प्रत्येक कार्यक्रमाच्या स्कोअर पाठ करून तयार राहायचं. तो तयार होता.

ऐकणारी

@निषाद, याला जोडूनच पियानिस्ट मारिया जुआव पिरेसचा व्हिडिओ! ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाऊ हॉल, दुपारचा कार्यक्रम, ऑर्केस्ट्राने सुरुवात केली आणि पहिल्या सुरांवर तिच्या लक्षात येतं की ती मोझार्टचा वेगळाच कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) तयार करून आलीय आणि हे वाजवतायत तो डी मायनर पट्टीतला. तिचा चेहरा बघवत नाही. कंडक्टर रिकार्डो शाई हात न थांबवता तिच्याशी बोलत राहतो, की तू हा वाजवलायस, तुला येतो, जमेल. नशिबाने त्या कॉन्चेर्टोत पियानो यायच्या आधी ऑर्केस्ट्राचा मोठा तुकडा आहे, दोन मिनिटांहून जास्त. तेवढ्यात ती डोक्यात सगळं गोळा करते आणि पियानोची वेळ आली की वाजवायला लागते. तिने आधी कधीच तो वाजवला नसता तर दोन मिनिटं काय दोन दिवस मिळूनही उपयोग नव्हता.

मी शाईसाठी तो व्हिडिओ बघते खरं सांगायचं तर. त्याने ऑर्केस्ट्रा थांबवला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्याचा तिच्यावर तिच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

षड्ज_पंचम

निषादशी सहमत, आणि जॅरेटलाही हेच लागू पडतं. त्याआधी तो असे सोलो कार्यक्रम करतच होता, युरोपचा दौराच चालू होता.

कोमल_रिषभ

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. आपल्या ख्यालाचं एक उदाहरण देते, नाव सांगत नाही कारण तब्येतीची गोष्ट आहे.

एका ज्येष्ठ गायिकेची मैफल होती. आल्या तेव्हाच घसा बसलेला दिसत होता, दोनदा गरम पाणी मागवलं, तानपुरे लावतानाच त्यांनी पट्टी अर्ध्या सुराने खाली घेतली. जाहीर झालेला राग होता उत्तरांगाचा, म्हणजे सगळी मजा वरच्या अर्ध्या सप्तकात आणि तार षड्जाच्या आसपास. मनात म्हटलं आज उरकून टाकणार. त्यांनी तंबोऱ्याकडे जरा वेळ कान दिला आणि दरबारी कानडा सुरू केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दरबारी हा खालच्या सुरांचा राग आहे, मंद्र सप्तकात आणि पूर्वांगात त्याचा जीव. त्याचा गंधार सरळ लावायचाच नसतो, आंदोलित ठेवायचा, रिषभाच्या अंगाने झुलवत. बसलेल्या घशाला हाच राग झेपला असता आणि त्यांनी तो क्षणात ओळखला. विलंबित एकतालात मंद्र धैवत, मंद्र निषाद, पुन्हा धैवत असं करत त्या इतक्या सावकाश वर येत होत्या की मध्य षड्जाला पोचल्या तेव्हा सगळा हॉल एकदम हं म्हणाला. आवाजात खर होती ती पण रागाला शोभत होती. नेहमी विस्तार करत करत तार षड्ज लागला की दाद जाते, इथे तो षड्ज जवळपास आलाच नाही आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही. द्रुतात मोजक्याच ताना घेतल्या, त्याही गमकाच्या, जड.

तबल्यावर जे होते त्यांचंही कौतुक करायला हवं. एवढ्या संथ लयीत ठेका भरून ठेवणं आणि तरी गायिकेच्या आड न येणं सोपं नाही. समेवर येताना ते डग्ग्याची फक्त एक मींड द्यायचे.

या बाईंना मी अगदी फॉर्मात असतानाही ऐकलंय. ती मैफल त्या सगळ्यांपेक्षा सरस होती.

ड्रमर

@कोमल_रिषभ, हे वाचून ऐकावंसं वाटतंय. माझ्या सुरुवातीच्या शंकेतला ठीकठाक कार्यक्रमांबद्दलचा भाग मी धरून ठेवतो, पण इथे जे कार्यक्रम येतायत ते त्या खात्यात बसत नाहीत.

पावसाळी

गायक-गिटारिस्ट प्रिन्स!! ४ फेब्रुवारी २००७, अमेरिकन फुटबॉलची फायनल असते ना, सुपर बोल, तिचा हाफटाइम शो, मायामी. सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदा खेळाच्या वेळी पाऊस पडला तो त्या दिवशी. स्टेज गुळगुळीत, ओलंचिंब, बरोबर हाय हील्स घातलेल्या दोन डान्सर, हातात इलेक्ट्रिक गिटार. आयोजकांनी फोन करून विचारलं की पाऊस आहे, चालेल ना, तर त्याने विचारलं अजून जोरात पाडता येईल का. शेवटी मोठ्या कापडामागे त्याची सावली आणि गिटार, आणि पावसाच्या धारांवर जांभळा प्रकाश. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणंच पावसाचं आणि जांभळ्या रंगाचं, 'पर्पल रेन', कुणी ठरवून असं घडवूच शकलं नसतं. आणि निषाद म्हणतात ते पण खरंय, निसरड्या स्टेजवर हील्स घालून असा सोलो वाजवायला आयुष्यभराचा रियाज लागतो.

आवाजवाला

मी साउंडचं काम करतो, मिक्सरच्या मागे उभा असतो, म्हणून कलाकार सोडून दुसऱ्या बाजूने लिहितो. कॉन्सर्ट अपेक्षेपेक्षा चांगली किंवा वाईट वाटण्यात हॉलचा आणि तुम्ही कुठे बसलात याचा फार मोठा हात असतो, आणि लोक त्याचं श्रेय किंवा दोष गायकाला देऊन मोकळे होतात.

दुपारी साउंडचेक होतो तेव्हा हॉल रिकामा असतो, सगळं घुमतं. संध्याकाळी माणसं भरली की कपडे आणि शरीरं मिळून वरच्या आणि मधल्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतात, घुमणं कमी होतं, शब्द स्वच्छ होतात. त्यामुळे हाउसफुल्ल कार्यक्रम कित्येकदा साउंडचेकपेक्षा सरस वाजतो, हे खरोखर भौतिकशास्त्र आहे. सिम्फनीसाठी नावाजलेल्या हॉलमध्ये, वर पिरेसचा आला तो कॉन्सर्टगेबाऊ किंवा व्हिएन्नाचा मुझिकफेराइन, भरलेल्या हॉलमध्ये आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात. ते ऑर्केस्ट्राला अमृत आहे पण ड्रम आणि रॅपला मारक, एका ठोक्यावर दुसरा चढतो.

मोकळ्या मैदानात वेगळंच. आवाज सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर उभे असाल तर ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. स्क्रीनवर काठी आधी पडते, आवाज मागून. म्हणून मध्ये टॉवर उभे करून त्यातला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. हे कुणी नीट मोजून लावलं असेल तर मागचे लोक पण खूश, नाहीतर मागे नुसता गलका.

माझ्या आठवणीतली चांगली निघालेली कॉन्सर्ट म्हणजे एक मेटल बँड, ज्यांच्या इंजिनियरने आवाज कमी ठेवला. सगळ्यांना वाटतं मेटल म्हणजे कान फाटेपर्यंत. त्याने जागा ठेवली, बास गिटार आणि किक ड्रम एकमेकांच्या अंगावर येऊ दिले नाहीत, आणि पहिल्यांदा मला त्या बँडच्या दोन गिटार वेगवेगळ्या काय वाजवतात ते कळलं. लोक बाहेर पडताना एकमेकांशी नॉर्मल आवाजात बोलत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीय, बरेच जण ती सहज ओलांडतात. कानात इअरप्लग घालून जा, संगीतासाठी बनवलेले मिळतात, त्याने उलट जास्त स्वच्छ ऐकू येतं.

मागची_रांग

@आवाजवाला, मग बसायचं कुठे?

आवाजवाला

स्पीकरवरचा कार्यक्रम असेल तर मिक्सरच्या जवळपास, कारण इंजिनियर जे ऐकून ठरवतोय ते तिथे ऐकू येतं. अगदी मधल्या रेषेवर बास फुगतो, जरा बाजूला सरका. अगदी पुढे उभं राहिलात तर ड्रम आणि गिटारचे अँप थेट कानावर आणि गायकाचा आवाज डोक्यावरून जातो.

बिनमाइकचं असेल, तुमच्या त्या क्वार्टेटसारखं, तर पुढे या. गायक असेल तर बाजूला किंवा मागे बसू नका, माणसाचा आवाज समोर जास्त जातो, शब्द तर समोरच.

निषाद

सोन्यासारखी माहिती. जपून ठेवतो.

ऐकणारी

आता माझं. कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेन, २००८ पासूनचे कार्यक्रम. त्याचे आयुष्यभराचे पैसे गेले होते, पंधरा वर्षांत दौरा केला नव्हता, वय ७३. पैशांसाठी म्हातारपणी बाहेर पडलेला गायक म्हटल्यावर कोण काय अपेक्षा ठेवेल? पहिला कार्यक्रम मे महिन्यात कॅनडातल्या फ्रेडरिक्टन नावाच्या छोट्या गावात केला, मोठ्या शहरात नाही, म्हणजे बँड आधी रुळू दे. आणि मग तीन-तीन तासांचे कार्यक्रम, वर्षानुवर्षं.

मी लंडनच्या ओटू अरीनाचं रेकॉर्डिंग ऐकलं, जुलै २००८ चं. आवाज तरुणपणीपेक्षा कितीतरी खाली गेलेला, जवळजवळ बोलणंच. त्याने गाणी त्या आवाजाला बेतून घेतली, पट्ट्या उतरवल्या, वरची धून तीन गायिकांकडे सोपवली आणि स्वतः खाली राहिला. हे अगदी कोमल_रिषभ यांच्या बाईंसारखंच झालं, वाचताना तेच डोक्यात आलं. आणि वादकांना सोलो असला की हा टोपी काढून छातीशी धरून ऐकत उभा, कधी गुडघ्यांवर. तो तिथे खरोखर ऐकत असतो. त्यामुळे आपणही ऐकायला लागतो, त्या स्पॅनिश वादकाच्या तारा, ते ऑर्गन, ज्याच्याकडे एरवी कुणी लक्ष देत नाही.

ज्यांना गायकाचा आवाज 'पूर्वीसारखा राहिला नाही' म्हणून जायचं नाही त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की जा. पूर्वीसारखंच गायचा हट्ट धरतात त्यांचं ऐकवत नाही हे खरं, पण ज्यांनी नवा आवाज स्वीकारलाय त्यांचं म्हातारपणचं गाणं दुसऱ्या कुणालाच येत नाही.

पावसाळी

+१, शेवटच्या वाक्याला +१०.

कोमल_रिषभ

ऐकणारी, 'तो ऐकत असतो' हे फार नेमकं पकडलंत. साथीदाराचं ऐकणारा कलाकार आणि नुसता वाट बघणारा कलाकार यातला फरक मागच्या रांगेतूनही दिसतो.

श्रोत्यांचंही थोडं बोलूया. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशासाठीची कॉन्सर्ट. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना वाटलं एक रचना झाली. पंडितजींनी हसून सांगितलं की लावणंच एवढं आवडलंय तर वाजवणं आणखी आवडेल. यावर लोक हसतात, मला मात्र ते श्रोते आवडतात. रॉक ऐकायला आलेली गर्दी, ओळख काही नाही, आणि तरी दीड मिनिट तारा जुळवणं शांतपणे कान देऊन ऐकलं. पुढे सतार-सरोदची जुगलबंदी किती रंगली ते रेकॉर्डवर आहेच.

रेकॉर्डवेडा

त्याच काळातला सांताना हा रॉक बँड घ्या. १६ ऑगस्ट १९६९, अमेरिकेतला वुडस्टॉक फेस्टिव्हल. पहिला अल्बम अजून बाजारात यायचा होता, समोरच्या लाखो लोकांतल्या बहुतेकांनी नाव ऐकलेलं नाही. ड्रमर मायकल श्रीव जेमतेम वीस वर्षांचा. त्याचा तो सोलो ड्रमरसाहेब सांगतील.

ड्रमर

सांगतो ना. लोक त्यातला वेग बघतात, तुम्ही मधला भाग ऐका जिथे तो आवाज एकदम खाली आणतो, नुसता स्नेअरवर बारीक रोल. लाखोंच्या गर्दीसमोर वीस वर्षांच्या पोराने हळू वाजवायची हिंमत करणं, ते मला अजून जमत नाही तितकं. आणि खाली दोन जण काँगा आणि टिंबालीवर लय धरून आहेत, ते थांबल्यावर त्याला एकट्याला सोडतात आणि नेमक्या जागी परत येतात.

@कोमल_रिषभ, मला दरबारी ऐकायचाय, तुम्ही सांगितलात तसा खालचा, संथ. तालाचा माणूस आहे, सुरांचा कान कच्चा आहे. कुठून सुरुवात करू?

कोमल_रिषभ

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा दरबारी लावा, रात्री, हेडफोनवर. झूमरा तालात, चौदा मात्रा, इतका विलंबित की पहिल्या ऐकण्यात सम हातातून निसटेल, निसटू द्या. तुमच्यासाठी खास सांगते, आधी काही वेळ गाण्याकडे न बघता फक्त ठेका मोजा. चौदा मात्रांचा अंदाज आला की मग आवाजाकडे या आणि बघा तो मंद्रातून किती वेळाने वर सरकतो. ऐकून झालं की इथेच लिहा, गंधारावर मग सविस्तर बोलू.